इंटरनेट फोनवरचा इको: ऐकू एकाला येतो, दोष दुसऱ्याकडे असतो

घरचा जुना लँडलाइन बंद करून इंटरनेटवर चालणारा फोन घेतला. राउटरला एक छोटा अ‍ॅडॅप्टर जोडायचा, त्यात नेहमीच्या फोनची वायर खोचायची, की झालं. नंबर तोच राहिला आणि मला समोरच्याचा आवाज छान ऐकू येत होता. तक्रार आली ती ताईकडून. "अगं, मी बोलले की माझंच वाक्य मला परत ऐकू येतंय. विहिरीत बसून बोलतेस का?" मग हळूहळू बाकीचेही तेच सांगू लागले.

हेल्पलाइनवर सांगितलं गेलं की इंटरनेटचा वेग तपासा, राउटर बंद करून पुन्हा चालू करा. दोन्ही केलं, फरक शून्य. पडणारही नव्हता. जी.७११ या नेहमीच्या कोडेकवर (आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धतीवर) एका कॉलला जाताना आणि येताना प्रत्येकी शंभर किलोबिटच्या आतबाहेर वेग लागतो. तेवढा न मिळाल्यास आवाज तुटतो, शब्द गळतात. इको हे वेगळं दुखणं आहे.

इंटरनेटवरून जाणारी आवाजाची पाकिटं, म्हणजे छोटे तुकडे, वाटेत मागे वळत नाहीत. आवाज मागे फिरतो तो टोकाला, जिथे आकड्यांचा पुन्हा विजेच्या तारेतला किंवा हवेतला आवाज होतो. म्हणजे ताईचा आवाज माझ्या घरापर्यंत नीट येत होता, इथे कुठेतरी थोडासा गळून परतीच्या वाटेला लागत होता आणि तिच्या कानात पोचत होता. ऐकणारी ती, गळती माझ्याकडे. एवढं एक समजलं की अर्धं काम झालं, कारण मग नेमकं कुणाच्या घरात शोधायचं ते ठरतं. मला माझा आवाज ऐकू आला असता, तर मी माझा अ‍ॅडॅप्टर कितीही उघडून पाहिला असता तरी काही हाती लागलं नसतं.

मग लँडलाइनवर हा त्रास का नव्हता? गळती तेव्हाही होती. पण जवळच्या कॉलमध्ये परत येणारा आवाज इतक्या लवकर यायचा, की तो आपल्या बोलण्यातच मिसळून जायचा. साधारण २५-३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की मेंदू त्याला वेगळा आवाज म्हणून धरतो. इंटरनेट फोनमध्ये २० मिलिसेकंदांचं बोलणं साठल्यावर एक पाकीट बनतं, समोर ते जिटर बफरमध्ये, म्हणजे मागेपुढे येणारी पाकिटं सारखी करणाऱ्या रांगेत, थांबतं, मधला प्रवास वेगळा. जाऊन-येऊन दोनशे मिलिसेकंद सहज होतात. टेलिफोनवाल्यांना हा धडा उपग्रहांनी फार आधी दिला होता. १९६५ साली अर्ली बर्ड उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून कॉल नेऊ लागला, तेव्हा स्वतःचा आवाज अर्ध्या सेकंदाने परत येण्याची वेळ आली. परतणारा आवाज ओळखून वजा करणारी इको कॅन्सलर नावाची युक्ती त्याच दशकात बेल लॅब्जमध्ये आकाराला आली. आज ती प्रत्येक अ‍ॅडॅप्टरमध्ये असते आणि आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.१६८ या मानकावर तपासली जाते.

आता घरातला शोध. ताईला वेळ मागितला आणि तिला सलग आकडे मोजायला लावलं. प्रत्येक बदलानंतर "आता?" एवढंच विचारायचं. पहिली चाचणी म्यूटची. कॉर्डलेसच्या स्पीकरवर बोलत असताना म्यूट दाबलं, तेव्हा ताई म्हणाली, "कमी झाला, पण गेला नाही." हे उत्तर फार कामाचं होतं. म्यूटने माइक बंद होतो, त्यामुळे जेवढा इको कमी झाला तेवढा हवेतून, म्हणजे स्पीकरमधून माइकमध्ये शिरणारा. जो उरला तो तारांतला.

हवेतल्या इकोवर उपाय सोपा निघाला. स्पीकर बंद केला आणि कॉर्डलेसचा आवाज खाली आणला. स्वस्त हँडसेटमध्ये कानाजवळचा भोंगा आणि तोंडाजवळचा माइक एकाच पोकळ डब्यात असतात, आणि आवाज शेवटच्या पायरीवर असला की एकाचा दुसऱ्यात जातोच. मला ऐकायला थोडं कमी येऊ लागलं, एवढंच.

तारांतल्या इकोने मात्र घाम काढला. साध्या फोनमध्ये जाणारा आणि येणारा आवाज एकाच दोन तारांच्या जोडीवर असतो. अ‍ॅडॅप्टरच्या आत हायब्रिड नावाचा भाग त्यांना वेगळं करतो. पण त्याने समोरच्या फोनचा आणि वायरिंगचा जो इम्पिडन्स (विद्युत विरोध) गृहीत धरलेला असतो, तो प्रत्यक्षाशी जुळला नाही तर आलेल्या आवाजाचा काही भाग जाणाऱ्या वाटेत सांडतो. आमच्याकडे अ‍ॅडॅप्टरमधून आलेली वायर भिंतीतल्या जुन्या टेलिफोन वायरिंगला जोडली होती, म्हणजे प्रत्येक खोलीतला फोन चालावा. (असं करणाऱ्यांनी बाहेरून येणारी जुनी लाइन आधी तोडून घ्यावीच. तिच्यात वीज असते आणि अ‍ॅडॅप्टर जळू शकतो.) भिंतीची वायर काढली आणि एक साधा तारेचा फोन आखूड वायरने थेट अ‍ॅडॅप्टरला लावला. कॉल लागल्यावर पहिले दोन-तीन शब्द ताईला परत ऐकू आले आणि मग इको गप्प. कॅन्सलर कॉलच्या सुरुवातीला तुमच्या लाइनचा स्वभाव शिकतो, तेवढा वेळ हे होणारच. शिकल्यावर गप्प झाला, याचा अर्थ अ‍ॅडॅप्टर ठणठणीत होता आणि दोष भिंतीकडे होता.

मग एकेक खोली पुन्हा जोडत गेले. कोपऱ्यातला, कुणीच न वापरणारा जुना कॉलर आयडीचा डबा जोडला की इको परत. तो कायमचा काढला. तरी सगळे फोन जोडल्यावर थोडा उरत होताच, आणि इथून पुढचं काम माझ्या हातात नव्हतं, कारण अ‍ॅडॅप्टरची सेटिंग्ज कंपनीने कुलूपबंद ठेवलेली होती. पण या वेळी तक्रार वेगळ्या शब्दांत लिहिली: इको समोरच्याला ऐकू येतो, मला नाही; एकट्या फोनवर येत नाही; घरच्या वायरिंगवर येतो; म्यूट केलं तरी राहतो. वेग तपासा असं कुणी म्हटलं नाही. तक्रार थेट तांत्रिक विभागात गेली आणि त्यांनी दुरूनच अ‍ॅडॅप्टरचा इम्पिडन्स ६०० ओहमवरून आमच्या देशाच्या फोनसाठीच्या पर्यायावर आणला, आवाजाचा गेनही, म्हणजे आवाज किती वाढवायचा तेही, दोन्ही बाजूंनी ३ डेसिबलने उतरवला. गेन चढवून ठेवलेला असला की इकोही तितकाच चढतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

तरी संध्याकाळी ताईला पुसटसा इको जाणवायचा, दुपारी नाही. त्या वेळी घरातले मोबाइल फोटो क्लाउडवर चढवत असायचे. अपलोड भरला की राउटरच्या रांगेत पाकिटं अडकतात, पिंग, म्हणजे पाकिटाला जाऊन-येऊन लागणारा वेळ, काही शे मिलिसेकंदांवर जातो, आणि एरवी कानाला न कळणारी उरलीसुरली गळती उशिरामुळे ठळक होते. राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग लांबू न देणारी सोय, चालू केलं आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवली. फोटो हळू चढतात, चढोत.

एका मित्राशी बोलताना मला माझाच आवाज यायचा. तो मोबाइल टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलतो. त्याला हेडफोन लावायला सांगितलं, विषय संपला.

तांत्रिक विभागाने शेवटी विचारलं होतं, इको दाबणं अजून कडक करायचं का? नको म्हटलं. ते फार कडक केलं की दोघं एकदम बोलताना एकाचे शब्द गिळले जातात, आणि ताईच्या नि माझ्या फोनवर आम्ही दोघी एकदम बोलत नाही असं होतच नाही.