एवढंच म्हणाल्या त्या?

२०१२ चा मे महिना. मी तेव्हा सोलापुरात सत्तर फूट रोडच्या मागे एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे मागांचा मेकॅनिक. धोटा अडकला, पट्टा सैल झाला, तार सारखी तुटायला लागली की विणकर हात वर करून बोलावतो. चोवीस माग एकदम चालू असले की शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून तो काय म्हणतोय ते ओळखायची सवय तिथं प्रत्येकाला लागते. मलाही लागली होती.

त्या दिवशी मी खाडा केला तो शेजारच्या अक्कासाठी. अक्का तेलंगणातल्या सिरसिल्ल्याहून लग्न होऊन सोलापुरात आलेली. आमच्या पूर्व भागात आयुष्य तेलुगूवर निघतं, त्यामुळे तिला मराठी बाजारापुरतंच यायचं. विड्या वळायची. विडीची मजुरी हजारावर मिळते आणि अक्काचा हात असा, की दिवे लागायच्या आत तिच्या सुपात हजार विड्या तयार. त्या उन्हाळ्यात ती तीनशेवर आली. पान कापून ठेवायची आणि नुसती बघत बसायची. पोटाचे डॉक्टर झाले, छातीचे झाले. शेवटी सरकारी दवाखान्यात कुणीतरी मानसोपचाराच्या ओपीडीची चिठ्ठी दिली. तिथल्या मॅडमना तेलुगू येत नव्हतं, म्हणून दुभाषा म्हणून मी.

मॅडमनी विचारलं, "काय त्रास होतो?" मी तेलुगूत विचारलं. अक्का बोलायला लागली. मान खाली, हात मांडीवर, अंगठा तर्जनीवर फिरत होता, जणू विडीच वळतेय. बराच वेळ बोलली. मग मी मॅडमना सांगितलं, "झोप येत नाही म्हणतात. भूक पण नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्या तीन-चार मिनिटं बोलल्या. एवढंच म्हणाल्या त्या?"

नाही. अक्का म्हणाली होती की संध्याकाळी सूप बाजूला ठेवून उठलं की आता संपवावं असं वाटतं. रोज वाटतं. लेकीचं लग्न व्हायचंय म्हणून थांबलेय. हे सगळं मी गिळलं होतं. त्याच लेकीच्या स्थळाची बोलणी चालली होती, गल्लीत समजलं तर? आणि पोलिसांची भीती. आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा गुन्हा होता. अक्काने प्रयत्न केलेला नव्हता, पण कागदावर काय लिहिलं जाईल आणि कोण दारात येईल, हे मला कुठं माहीत होतं? मला वाटलं, मी तिला वाचवतोय.

मी सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आता सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का, कधी येतो, काही ठरवलंय का." माझी जीभ वळेना. विचारलं आणि नसलेलं डोक्यात भरलं तर? मॅडम शांतपणे म्हणाल्या, विचारल्याने तो विचार वाढत नाही, माणसाला तो एकट्याने वाहावा लागत नाही. मी विचारलं. अक्काने त्या दिवसात पहिल्यांदा मान वर केली. "विचारलास रे," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला तो चेहरा अजून दिसतो.

गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर घरी तिला एकटी ठेवायची नाही, असं ठरलं. बायकांनी पाळ्या लावल्या. दर पंधरा दिवसांनी मी तिच्याबरोबर जायचो, आणि तिथं इतरही तेलुगू माणसं मला हाताला धरून आत न्यायला लागली. दिवाळीच्या सुमारास अक्का आठशे विड्यांवर आली होती. (हे तिच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटेल असं थोडं बदलून.)

मॅडमनीच शिकायला सांगितलं. मुक्त विद्यापीठातून माझं बीए झालं होतं. रात्रपाळी करून समाजकार्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी केली. आई म्हणायची, हातात कसब असताना बोलायचं काम कशाला करतोस? त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

खरा त्रास पुढेच झाला. जॉबरची सवय अशी, बिघाड दिसला की पाना हातात. समाजकार्यात शिकाऊ असताना कर्जात बुडालेला एक विणकर आला. दहा मिनिटांत मी त्याला चार उपाय सांगितले: बचत गट, दुसरा कारखाना, मालकाशी बोलणं, बायकोचे दागिने. सगळे बरोबर होते. तो "होय, होय" करत उठला आणि परत आला नाही. दोन वेळा त्याच्या घरी गेलो, कुलूप होतं. गावी गेला म्हणाले. तो तिथं काय सांगायला आला होता, ते मला कधीच कळलं नाही. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी उपाय सांगत नाही. वेळ लागला तरी चालेल.

आणि नातेवाइकाला दुभाषा करत नाही. हे मी ठामपणे सांगतो. मुलगा आईचं बोलणं सांगताना घरची अब्रूही सांभाळत असतो. मीही तेच केलं होतं.

अजूनही घरचे लोक दाराशी थांबून हळूच विचारतात, "पोलीस केस होईल का?" मी सांगतो, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं त्यात गृहीत धरलंय, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं काम आहे. १ जुलै २०२४ पासून तर जुन्या दंड संहितेतलं ते कलमच गेलं. मग कागदावर १४४१६ लिहून देतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत आणि तेलुगूतही बोलता येतं. तो कागद घडी करून खिशात जातो तेव्हा मला बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात एक मुलगा आजीला घेऊन आला. आजी बराच वेळ बोलली. मुलगा म्हणाला, "काही नाही सर, डोकं दुखतं म्हणते."

मी त्याला म्हटलं, बाहेर चहाची टपरी आहे, जरा जाऊन ये. खुर्ची आजीच्या अगदी समोर घेतली, तिचे ओठ दिसतील अशी, आणि तेलुगूत म्हटलं, आजी, पहिल्यापासून सांगा. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आधी माझं इंटिपेरु विचारलं, म्हणजे आडनाव. मग कुठल्या गल्लीतला, आई काय करते. मी सगळं सांगितलं.

मग तिने डोळे पुसले आणि बोलायला सुरुवात केली.