फॉल्ट लेव्हल मागितली, ब्रेकरचं रेटिंग आलं

कारखान्याचा आर्क फ्लॅश स्टडी (शॉर्टसर्किटच्या ठिणगीतून माणसाला किती भाजेल याचा हिशेब) हातात आला की माझं पहिलं पत्र वीज कंपनीला जातं: पुरवठ्याच्या ठिकाणी फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्टसर्किट झालं तर येणारा प्रवाह, किती? गेल्या कामात उत्तर आलं, '२२ केव्ही, २६.३ केए'. केए म्हणजे हजार अँपिअर; व्होल्टेज धरून हेच एमव्हीएत सांगितलं तर जवळपास १००० एमव्हीए. हा आकडा उपकेंद्रातल्या ब्रेकरच्या प्लेटवर असतो. तो ब्रेकर किती प्रवाह तोडू शकतो ते त्यावरून कळतं, फॉल्टला किती प्रवाह येईल ते नाही.

मग उपकेंद्र गाठलं. ऑपरेटर काकांनी यार्डात नेऊन ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट दाखवली: २२०/२२ केव्ही, ५० एमव्हीए, इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) १२.५ टक्के. मागची ग्रिड कितीही दणकट धरा, या ट्रान्सफॉर्मरमधून ४०० एमव्हीएच्या वर, म्हणजे साडेदहा केएच्या वर काही येणार नाही. पुढे कारखान्यापर्यंत चार किलोमीटर ओव्हरहेड लाइन. तिचा इम्पीडन्स किलोमीटरला साधारण ०.४५ ओहम धरला, तर गेटवर उरतात सव्वाचार-साडेचार केए.

"मोठा आकडा घेतला तर सेफच ना?" हे मला नेहमी ऐकावं लागतं. पॅनेलचं रेटिंग ठरवण्यापुरतं ते खरं आहे. २००० केव्हीए, ६.२५ टक्क्यांच्या ट्रान्सफॉर्मरमागे ४३३ व्होल्टला पत्रातल्या आकड्यानं ४१ केए येतात, खऱ्या आकड्यानं जवळपास ३६. ५० केएचं पॅनेल दोन्ही सोसतं.

आर्क फ्लॅशमध्ये मात्र हिशेब उलटा फिरतो. आर्कचा प्रवाह मुळातच बोल्टेड फॉल्टपेक्षा (तारा थेट एकमेकींना जोडल्यासारख्या शॉर्टसर्किटपेक्षा) कमी, त्यात सोर्स कमजोर. तो इन्स्टंटेनियस सेटिंगच्या (ज्या प्रवाहाला ब्रेकर लगेच उघडतो त्याच्या) खाली राहिला, की जो ब्रेकर ०.०५ सेकंदात उघडायचा तो शॉर्ट टाइमवर, म्हणजे थोडं थांबून उघडायच्या सेटिंगवर, जाऊन ०.४ सेकंद घेतो. ऊर्जा वेळेच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सात-आठ पट. पॅनेलवरचं लेबल वाचून वायरमन संरक्षक सूट घालतो. ते लेबल चुकीच्या आकड्यावर छापलेलं असेल तर भाजतो तोच. म्हणून या एका ओळीसाठी मी हुज्जत घालतो.

आता पत्रातच सगळं मागतो: थ्री-फेज आणि सिंगल-फेज-टू-अर्थ फॉल्ट, दोन्हींचं कमाल व किमान, शिवाय एक्स/आर रेशो (रिअ‍ॅक्टन्स आणि रेझिस्टन्सचं गुणोत्तर). कमाल मिळतं दोन ट्रान्सफॉर्मर पॅरलल असताना, किमान एक बंद असताना. मोठी मोटर सुरू करताना व्होल्टेज किती पडेल, हेही किमानावरच तपासायचं. उपकेंद्रात ट्रान्सफॉर्मर वाढला किंवा फीडर बदलला की जुने आकडे बाद, त्यामुळे पत्रावर तारीख आणि त्या वेळची जोडणी आवर्जून लिहून घेतो.