तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या गॅलरीत तारा का नाही

आमच्या गॅलरीत चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत नाताळचा तारा लागत नाही, आणि त्या रात्रीच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परत येईपर्यंत गोठ्याच्या देखाव्यात येशूचं बाळ ठेवलं जात नाही. याबद्दल मला इतक्या जणांनी विचारलंय, की आता एकदाच लिहून टाकते. चर्चच्या पायऱ्यांवर उत्तर द्यायला गेलं तर ते धड पुरं होत नाही, मागून कुणीतरी स्कूटर काढायची घाई करत असतं.

आधी जे नाही ते सांगते. घरात दुखवटा नाही. आम्ही कुठल्या नव्या प्रार्थनामंडळात गेलेलो नाही. विजेच्या बिलाचाही प्रश्न नाही. (एका बाईंनी हे खरंच विचारलं होतं, वर स्वतःकडचा जुना तारा देऊ केला होता. मी घेतला नाही, तर त्यांना वाईट वाटलं.) आणि ‘ही जरा शिष्टच आहे’ असं माझ्यामागे जे बोललं जातं, त्यावर एवढंच की असेनही थोडी, पण ताऱ्याशी त्याचा संबंध नाही.

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, वाट पाहण्याचे, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या मुलांना मीच धर्मशिक्षणाच्या वर्गात ते शिकवलंय. पण मला सांगा, पहिल्या रविवारी फादर शुभवर्तमान वाचतात तेव्हा त्यात बाळ असतं का? वाचनं तीन वर्षांनी फिरून येतात, पण मत्तयच्या वर्षी नोहाचा पूर असतो, रात्री घर फोडणारा चोर असतो, जागे राहा म्हणून ताकीद असते. त्याच वर्षी दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान भल्याभल्यांना सापाची पिल्लं म्हणतो. 17 डिसेंबर उजाडेपर्यंत उपासनेत जन्माची गोष्ट नीट सुरूही होत नाही. ग्लोरियाचं स्तुतिगीत बंद, फादरांचा झगा जांभळा, वेदीवर फुलं बेताची. आणि फाटकाबाहेर पडावं तर वसईतल्या पापडीच्या बाजारात नोव्हेंबर संपायच्या आत सांताक्लॉज कंबर हलवत उभा. मग पंचवीसला दुपारी जेवण झालं की सगळे दमलेले. सव्वीसला कुणाला नाताळ नको असतो. खरा नाताळकाळ तर तेव्हा कुठे सुरू झालेला असतो!

हे सगळं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आले. आता जरा हात राखून सांगते, कारण माझ्या बाजूचे पुरावे मला वाटायचे तितके पक्के नाहीत. वेदीजवळच्या चार मेणबत्त्यांच्या हिरव्या चक्राचंच घ्या. वर्गात मी ते मुलांना फार जुनी परंपरा म्हणून दाखवायचे. ते 1839 मध्ये हांबुर्गला योहान हिन्‍रिख विखर्न नावाच्या लुथरन धर्मशास्त्रज्ञाने सुरू केलं. त्याने आश्रय दिलेली गरीब मुलं ‘नाताळ कधी, नाताळ कधी’ म्हणून त्याचं डोकं खायची, तेव्हा त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रोजची एक लहान आणि रविवारची मोठी. कॅथलिक चर्चमध्ये ते आलं विसाव्या शतकात. म्हणजे मी ज्याला धीराची खूण म्हणत होते, ते मुळात धीर सुटलेल्या पोरांसाठी केलेलं होतं. आणि गव्हाण रिकामी ठेवायची, असा नियम चर्चने कुठेही घातलेला नाही. रिवाज आहे, सुंदर आहे, पण कुणी पाळला नाही म्हणून कुमसारात, म्हणजे फादरांपुढे पापकबुलीला, जाऊन सांगायची गोष्ट नव्हे.

तरीही आमच्या घरात तो पाळला जातो. का, हे सांगायचं तर 2019 च्या डिसेंबरबद्दल बोलावं लागेल, आणि तेच मी आजवर टाळत आले.

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर चीफ कुक आहे. त्या वर्षी तो उन्हाळ्यापासून घरी होता आणि या खेपेला नाताळ घरी मिळणार, असं धरून चालला होता. डिसेंबर लागला आणि कंपनीचा निरोप आला: अठराला विमान, सिंगापूरला जहाजावर हजर व्हायचं. तो कुरकुरला नाही. त्याने फक्त म्हटलं, “ताई, मग पंधराच्या रविवारी नाताळ करू.”

मी म्हटलं, “पंधराला आगमनकाळाचा तिसरा रविवार आहे.”

“कितवा आहे ते मलाही कळतं. पंचवीसला मी तेवीस माणसांसाठी कोंबड्या साफ करत असेन.”

मी म्हटलं, जेवण करू, इंद्याल करू, करंज्या करू, पाहुणे बोलावू. पण तारा नको आणि बाळ नको. त्यावर त्याचा आवाज चढला. बाळ ठेवायचा मान आमच्याकडे शेंडेफळाचा. लहानपणी चोवीसच्या रात्री मिस्सेहून आलो की आई कपाटावरचा बिस्किटांचा डबा खाली काढायची, कापसातून बाळ सोडवायची आणि त्याच्या ओंजळीत द्यायची. आम्ही मोठी भावंडं नुसती बघत राहायचो. तो जहाजावर जायला लागल्यापासून ते काम माझ्या मुलीकडे आलं होतं. “एवढी वर्षं नाही ठेवलं,” तो म्हणाला, “आता घरी आहे तर ठेवू दे.”

मी बोलत सुटले. आज तू, उद्या आणखी कुणी. प्रत्येकाने आपापल्या सोयीने नाताळ करायचा तर मग आपण वाट तरी कसली बघतोय, वगैरे. वर्गात बोलते तसंच. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुम्हाला चोवीस तारीख मिळते, ताई. मला रजा मिळते.”

आई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

रविवारी मिस्सेला दुसरं वाचन माझ्याकडे होतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला उतारा: धीर धरा, शेतकऱ्याकडे पाहा, तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची कशी वाट पाहतो. माझी तर चंगळच झाली. त्या ओळीवर मी मुद्दाम जोर दिला. भाऊ तिसऱ्या बाकावर होता, त्याला तो कळला, आणि त्याला कळलेलं मला कळलं. मग फादर गुलाबी झग्यात शुभवर्तमान वाचायला उभे राहिले. तुरुंगातला योहान येशूकडे माणसं पाठवून विचारतो, जो येणार आहे तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने साऱ्या गावाला वाट पाहायला लावलं, त्यालाच शेवटी खात्री नव्हती. ते माझ्या डोक्यात नीट शिरलं नाही, मी अजून शेतकऱ्यावरच खूश होते.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती आणि मी बोलले नव्हते. रोममध्ये याच तिसऱ्या रविवारी मुलं आपापल्या घरच्या गोठ्यातली बाळं घेऊन संत पेत्राच्या चौकात जमतात आणि पोप त्यांना आशीर्वाद देतात. सहावे पॉल पोप असताना, 1969 पासून, ही चाल पडली. बाळ त्या दिवशी कपाटाबाहेर येतं, हे खरं. गव्हाणीत मात्र नाताळलाच जातं, हेही खरं. पण पहिलं अर्धं मी भावाला सांगितलं असतं तर त्याने दुसरं अर्धं ऐकलं नसतं, म्हणून मी दोन्ही सांगितली नाहीत.

आम्ही घरी आलो तर गॅलरीत तारा लागलेला. सकाळी आम्ही निघाल्यावर आईनेच शेजारच्या मुलाला स्टुलावर चढवलं होतं. ती गुडघ्यांमुळे घरीच थांबली होती. गोठ्याचा सांगाडा भावाने आदल्या दिवशी उभा केलाच होता, बांबू, पेंढा, गोणपाट. ताटलीत पेरलेली नाचणी नुकती रुजत होती, हिरवळ कसली, पांढरे कोंब फक्त. आई आत गेली, डबा घेऊन आली आणि बाळ त्याच्या ओंजळीत ठेवलं. हा नियम आम्हाला शिकवणारी तीच. बाळाला चोवीसच्या आधी हात लावला म्हणून मला फटका दिला होता तोही तिनेच.

बाहेर गाणी झाली. मी स्वयंपाकघरात इंद्याल गरम करत राहिले. ते गरमच होतं.

अठराला पहाटे तो गेला. त्या संध्याकाळी मी तारा उतरवला आणि बाळ उचलून कापसात गुंडाळलं. आई कॉटवरून बघत होती. म्हणाली, “ने. उंदीर कुरतडतील.” हे ती रागाने म्हणाली, की मला मोकळं करण्यासाठी, की खरंच उंदरांच्या काळजीने, ते मला सांगता येणार नाही. पेंढ्यात उंदीर होते, एवढं खरं. चोवीसला रात्री मुलीने बाळ पुन्हा ठेवलं. आईने नेहमीसारखी क्रुसाची खूण केली आणि करंज्यांत खोबरं कमी पडलंय म्हणाली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही शेजारी आहात. ऑगस्ट 2020 मध्ये आई गेली. चर्च बंद, अंत्यविधीला वीसच माणसं. भावाचा करार सप्टेंबरात संपायचा होता, पण बंदरं माणसं उतरवून घेत नव्हती. त्या वर्षी जगभरात मिळून चार लाखांच्या आसपास खलाशी असे जहाजांवर अडकले होते. त्याने तो विधी कुठल्यातरी समुद्रावरून फोनवर पाहिला, तोही तुटत तुटत. घरी आला तो फेब्रुवारीत.

तेव्हापासून तुम्ही सगळे मला एक वाक्य ऐकवता: “बरं झालं बाई, त्या वर्षी तुम्ही नाताळ आधी केलात.” तुम्ही प्रेमाने म्हणता. त्यावर मी काय बोलणार? बरंच झालं. मी आडवी आले होते, हे तुम्हाला माहीत नव्हतं. आता झालं.

पण म्हणून मी चूक होते, असं मला अजूनही म्हणवत नाही. उद्या कोण असेल कोण नसेल, हा हिशेब एकदा धरला की कशासाठीच थांबायला नको. साखरपुड्यालाच बारसं उरकावं. आणि तरी पहिल्या रविवारचं तेच शुभवर्तमान आता ऐकायला उभी राहिले की मला अडखळायला होतं. दोघी जात्यावर दळत असतील, एक नेली जाईल, एक ठेवली जाईल. तुम्हाला ना दिवस माहीत ना घटका. हे वाक्य मी कायम थांबण्याच्या बाजूने वापरत आले: घाई करू नका, जागे राहा. ते उलटही वापरता येतं. घटका माहीत नाही, तर आज जो दारात उभा आहे त्याला चोवीसचं कारण सांगू नका. भावाला हे सुचलं असतं तर त्या ओट्यावरच मी हरले असते. आईला सुचलं होतं का? ती बायबलमधलं काही बोलून दाखवणारी बाई नव्हती.

शिवाय आपण सगळ्यांनी 2020 ला काय केलं ते आठवा. 16 नोव्हेंबरला चर्च उघडली, आणि नाताळच्या तोंडावर रात्रीची संचारबंदी आली. मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच झाली आणि आपण गुमान गेलो. तेव्हा मीही नियमावर बोट ठेवलं नाही. सरकारच्या वेळेपुढे मी वाकले, भावाच्या रजेपुढे नाही. असं मांडलं की मला माझं पटत नाही. पण मिस्सा सगळ्यांसाठी हलली होती, एकट्यासाठी नाही, असं म्हटलं की पुन्हा पटतं. असं माझं चालू असतं.

मग अजूनही तारा चोवीसलाच का? थोडा हट्ट आहे, मान्य. सगळी आळी लखलखत असताना एका घरात काळोख असला तर काही बिघडत नाही, हेही आहे. आणि खरं कारण विचाराल तर, आईने मला नियम दिला आणि त्याला मोकळीक दिली. ती मोकळीक त्याची आहे. तो घरी असेल तेव्हा ती त्याने जरूर घ्यावी, मी आता स्टूल धरेन. तो नसताना मी ती स्वतःसाठी घेऊ शकत नाही. माझ्या मुलीला हे अजिबात पटत नाही. ती म्हणते, आजीने तसा काही वाटा केला नव्हता.

यंदा भाऊ पंचवीसलाही नाही आणि वर्षअखेरीलाही नाही. जानेवारीच्या शेवटी येईल. त्याने फोनवर विचारलं, तोवर गोठा ठेवशील का? नाताळकाळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, जानेवारीच्या पूर्वार्धातच संपतो. पण जुनी माणसं 2 फेब्रुवारीपर्यंत, येशूच्या मंदिरातल्या अर्पणाच्या सणापर्यंत, गोठा ठेवत. मी लगेच हो म्हटलं. मुलगी बाजूलाच होती. “म्हणजे पुढे ओढलेलं चालतं, मागे आणलेलं नाही?” मी म्हटलं, सण लांबवणं वेगळं आणि आधीच खाऊन टाकणं वेगळं. तिने खांदे उडवले. नाचणी तोवर पिवळी पडेल, ती जानेवारीत पुन्हा पेरायची, एवढ्यावर मात्र आमचं एकमत झालंय.