रणगाड्याचे सस्पेन्शन: पोलादी दांडा की कोंडलेला वायू?

रणगाड्यांच्या चर्चेत तोफ, चिलखत आणि इंजिनाची अश्वशक्ती यांनाच मान मिळतो; उंचसखल जमिनीवरचा वेग मात्र बहुतेक वेळा सस्पेन्शनच ठरवते. इंजिनात कितीही ताकद शिल्लक असली, तरी आतल्या माणसांना हादरे असह्य होऊ लागले की चालकाला वेग कमी करावाच लागतो.

सर्वांत रुळलेली रचना टॉर्शन बारची. तळाशी आडव्या बसवलेल्या पोलादी दांड्याचे एक टोक पलीकडच्या बाजूला पक्के असते आणि दुसरे चाकाच्या आर्मला, म्हणजे चाक धरून वर-खाली होणाऱ्या भुजेला, जोडलेले असते. चाक उंचवट्यावर चढले की दांडा पिळला जातो आणि पीळ सुटताना चाक पुन्हा खाली दाबले जाते. डाव्या-उजव्या चाकांचे दांडे शेजारी-शेजारी बसवावे लागत असल्याने एका बाजूची चाके दुसऱ्या बाजूच्या किंचित पुढे असतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातला अमेरिकी बनावटीचा पॅटन रणगाडा दोन्ही बाजूंनी निरखला, तर हा फरक ध्यानात येतो.

ही रचना साधी आणि टिकाऊ आहे, पण ती तळाची जागा खाते. तेवढी उंची वाढली की तेवढे चिलखतही वाढते. शिवाय सुरुंगाने तळ वाकला, तर अडकलेला दांडा बाहेर काढणे फार जिकिरीचे होते. इस्रायलच्या मेर्काव्हा रणगाड्यात म्हणूनच गुंडाळीच्या स्प्रिंगा बाहेरच्या बाजूला बोल्टने बसवल्या आहेत, आणि तो निर्णय मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो.

आपल्या ‘अर्जुन’ रणगाड्यामध्ये, प्रत्येक बाजूच्या सात चाकांसाठी, हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे तेल आणि वायू यांच्या जोरावर चालणारी, युनिट आहेत. त्यांत स्प्रिंगचे काम कोंडलेला नायट्रोजन करतो. दांड्याचा ताठपणा जवळजवळ एकसारखा राहतो. वायू मात्र जितका दाबावा तितका अधिक ताठ होत जातो. त्यामुळे लहान खाचखळग्यांवर चाल मऊ राहते आणि मोठ्या खड्ड्यात चाक एकदम वर आदळत नाही. ‘अर्जुन’च्या सुमारे ६८ टनांच्या मार्क-१ए या आवृत्तीसाठी हा गुण मोलाचा आहे.

मात्र हादऱ्यांची ऊर्जा शेवटी उष्णताच होते. अरुंद छिद्रांतून वारंवार ढकलले जाणारे तेल तापते, त्याबरोबर वायूचा दाब वाढतो आणि गाडीची जमिनीपासूनची उंची बदलू लागते. म्हणूनच राजस्थानच्या वाळूतील चाचणीत मला कमाल वेगाच्या आकड्यापेक्षा दीर्घ धावेनंतरचे प्रत्येक युनिटचे तापमान आणि सीलमधून तेल झिरपते आहे का, हे अधिक महत्त्वाचे वाटते.