खिडकीतला नवरा

आमच्याकडे नवऱ्याचा फोटो काढायचा म्हणजे माझीच परीक्षा. मी मोबाइल नीट धरायच्या आत "झालं का?" ऐकू येतं आणि फोटोत येते ती उठतानाची पाठ. त्यामुळे फ्रेंच चित्रकर्ती बर्थ मोरिसोचं 'आयल ऑफ वाइटवर यूजेन माने' हे चित्र पाहिलं तेव्हा समुद्राकडे माझं लक्षच गेलं नाही. खुर्चीतल्या त्या गवती टोपीवाल्या माणसाला बघून वाटलं, हा आता उठणार.

हा यूजेन म्हणजे बर्थचा नवरा, चित्रकार एदुआर मानेचा धाकटा भाऊ. लग्न डिसेंबर १८७४ मधलं. मधुचंद्राला दोघं इंग्लंडच्या त्या बेटावर गेली ती १८७५ च्या उन्हाळ्यात. नवी नवरी सामानात रंग-कुंचले घेऊन निघाली होती. पण बाहेर चित्र काढायला बसावं तर वारा सुटलेला, आणि कुरणात कॅनव्हासचा स्टँड मांडला की पोरासोरांचा गराडा. शेवटी ती घरात आली आणि नवऱ्याला खिडकीशी बसवलं. त्याचं बूड काही जागेवर ठरेना. बहिणीला, एद्माला, तिने पत्रातून कळवलं की बिचारा तुझ्या जागी बसलाय खरा, पण तुझ्यासारखा सोशिक नाही, लगेच कंटाळतो.

एद्माची ती जागा आपल्याला बघायला मिळते. बर्थच्या १८६९ च्या, फ्रान्समधल्या लोरियांच्या बंदराच्या चित्रात ती कठड्यावर छत्री घेऊन निमूट बसली आहे. एकेकाळी दोघी बहिणी बरोबरीने चित्रं काढायच्या. त्याच वर्षी एद्माचं एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि तिची चित्रकला सुटली. त्या चित्रात पाणी भरपूर आहे, निळं, अंगणभर सांडल्यासारखं.

बेटावरच्या काउज गावातल्या या खिडकीतून मात्र समुद्र हप्त्याहप्त्याने मिळतो. आधी झिरझिरीत पडदा, मग चौकट, मग कुंड्या, बाग, कुंपण. कुंपणापलीकडे एक मुलगी आणि एक बाई. त्यातल्या बाईचा चेहरा नेमका खिडकीच्या आडव्या दांड्यामागे गेलेला. (फोटो असता तर आपण "जरा खाली वाका" म्हटलं असतं.) त्यांच्यामागे होड्या, आणि मग उरलंसुरलं पाणी. सगळा ऐवज जेमतेम दीड फुटाच्या कॅनव्हासवर, तोही भरभर मारलेल्या फटकाऱ्यांत. दिवाणखान्यातून समुद्र मला असाच दिसलेला आठवतो, सलग कधीच नाही.

या चित्रात मला सगळ्यात गंमत वाटते ती बसण्याच्या व्यवस्थेची. खिडकीत बसून बाहेर बघत राहायचं काम चित्रांमध्ये बहुतेक वेळा बायकांकडे. इथे बायको उभी राहून काम करतेय आणि नवरा खुर्चीत वळून बाहेर बघत बसलाय. वैतागलाय, पण बसलाय.

आणि या अस्वस्थ माणसाची धावपळ पुढे तिच्याच कामी आली. १८८२ च्या इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे तिच्या चित्रकार-गटाच्या, प्रदर्शनाच्या वेळी ती लेकीला घेऊन दूर नीसला होती. तेव्हा पॅरिसमध्ये तिची चित्रं लावण्याची खटपट यूजेननेच केली आणि तिकडची खबर तो तिला पत्रांतून पाठवत राहिला. त्या गटाच्या आठ प्रदर्शनांपैकी सातांत ती होती. तरी १८९५ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं गेलं: व्यवसाय नाही. दाखला लिहिणारे कारकून सगळीकडे सारखेच.

यूजेन निवांत बसलेला मला सापडला तो १८८१ च्या एका चित्रात, पॅरिसजवळच्या बूजिव्हालच्या बागेत. काउजनंतर सहा वर्षांनी. समोर त्यांची छोटी लेक ज्युली, आणि बापाच्या मांडीवर तिचा खेळ मांडलेला. आता उठेल कसा!