आधी गाऱ्हाणं, मग आरती

गुरुवार, रात्री उशिरा

आज आमच्या मंडळाच्या वाचनात ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातली 'भाष्यकारांतें वाट पुसतु' (भाष्यकारांना वाट विचारत) ही ओवी निघाली आणि सगळा वेळ तिच्यावरच गेला. भाष्यकार म्हणजे शंकराचार्यच, असं निरूपण करणाऱ्या आमच्या बुवांचं ठाम मत. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले आमचे सर म्हणाले, वाट विचारली म्हणून माणूस त्याच वाटेने जातो असं थोडंच आहे? अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात माउलींनी अज्ञानाचंच खंडन केलंय, मग मायावादाला, म्हणजे जग हा अज्ञानातून झालेला भास आहे या शंकराचार्यांच्या मताला, जागा उरते कुठे? चर्चा फार सुंदर झाली. मी टिपणं काढली. चिद्विलास, म्हणजे जग हा चैतन्याचाच विलास आहे हा माउलींचा विचार, माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून मला तत्त्वचर्चेचं वावडं आहे असं कुणाला वाटायला नको.

पसायदान झालं, मंडळी उठली, कुणी सतरंजी गुंडाळायला लागलं, तेव्हा नेहमी खांबाशी बसणाऱ्या काकूंनी हळूच विचारलं. त्यांच्या सासूबाईंना हल्ली काही आठवत नाही. आयुष्यभर माळकरी, एकादशी कधी मोडलेली नाही. आणि आता एकादशीला सकाळपासून भाकरी मागतात. आज एकादशी आहे म्हटलं की हात जोडतात, गप्प होतात, आणि जरा वेळाने पुन्हा भाकरी मागतात. द्यायची की नाही?

एकाने उपवास मोडला तर काय करायचं ते सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं, आत्म्याला ना भूक ना उपवास. काकू दोघांचं ऐकून मान हलवत राहिल्या. मग आबा बोलले. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, वर्षानुवर्षं वारी करणारा, मंडळात एरवी टाळ वाजवण्यापलीकडे तोंड न उघडणारा. म्हणाले, "भाकरी द्या माउली. दुधात कुस्करून द्या, घशाला लागायची नाही. आन् तुम्ही रात्री झोपता का?"

एवढं विचारल्यावर काकूंना रडू आवरेना. सासूबाई रात्री कडी काढून बाहेर जातात, म्हणून काकू दारालाच आडवं अंथरूण टाकून झोपतात. झोप कसली, नुसती राखण. कितीतरी दिवस असं चाललंय. दर गुरुवारी त्या आमच्यात बसून ओव्या म्हणत होत्या आणि हे सांगायला आमच्या बैठकीत जागाच नव्हती. पाठ, निरूपण, पसायदान, प्रसाद. यात 'तुम्ही रात्री झोपता का' हा प्रश्न बसवायचा कुठे?

मंडळात सध्या वाद चालू आहे तो याच गोष्टीवरून. काहींचं म्हणणं, सुरुवातीचा अर्धा तास रोजच्या जगण्यातल्या प्रश्नांना द्यावा, निरूपण त्यानंतर. बुवांना ते पसंत नाही. संसाराचं रडगाणं घरी आहेच, इथे तरी दोन तास त्याच्या वर उठू द्या, असं ते म्हणतात. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, कारण अशा बैठकीचं उखाळ्यापाखाळ्यांत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. तरीही मी अर्ध्या तासाच्या बाजूने आहे, आणि मला आधार मिळतो तो वारीतूनच.

माउलींच्या पालखीसोबत जो गेलाय त्याने समाजआरती पाहिलेली असते. संध्याकाळी तळावर पालखी येते, दिंड्या भोवती गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड उंचावून 'होऽऽ' म्हणतो आणि एका क्षणात सगळं शांत. पण एखादी दिंडी थांबत नाही, टाळ वाजवतच राहते. परगावचा माणूस म्हणेल, काय हा आगाऊपणा! पण ती तक्रार असते. चोपदार तिथे चालत जातो आणि ऐकून घेतो. कुणाला चालण्याच्या क्रमावरून त्रास झालेला असतो, कुणाला पाण्याचा टँकर मिळालेला नसतो. निवाडा झाला, समाधान झालं, की ते टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याचं पुकारलं जातं: कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा. उद्या किती वाजता निघायचं तेही सांगतात. आणि हे सगळं उरकल्यावर आरती. हैबतबाबा आरफळकरांनी 19व्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावून दिली. सरदारी पाहिलेला माणूस तो, एवढा समुदाय चालवायचा म्हणजे काय लागतं ते त्यांना कळत होतं. तक्रार पोटात ठेवून कुणी आरतीला उभं राहू नये, ही मला त्या शिस्तीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. चष्मा हरवलेल्या म्हातारीला आधी चष्मा मिळू दे. देव तेवढा वेळ थांबतो.

बुवांना वाटतं, व्यवहार आला की तत्त्व गेलं. आज तर मी याच्या नेमकं उलट पाहिलं. आबांच्या प्रश्नानंतर सगळे पुन्हा खाली बसले. पाळी ठरली, कोण कुठल्या रात्री काकूंकडे झोपायला जाणार ते ठरलं, दाराला वरच्या बाजूला कडी बसवून द्यायचं आबांनी कबूल केलं. आणि मग काकूंनीच विचारलं, "सासूबाईंना विठ्ठलसुद्धा आठवत नाही हो. मग इतक्या वर्षांची भक्ती गेली कुठे?" सर एकदम सावरून बसले. त्यांनी तेरावा अध्याय काढला. क्षेत्र म्हणजे शरीर, आणि त्याची माउलींनी मोजलेली छत्तीस तत्त्वं. पंचमहाभूतं आहेत, इंद्रियं आहेत, त्यात मनही आहे आणि बुद्धीही आहे. म्हणजे जे विस्कटलंय ते क्षेत्र. क्षेत्र जाणणारा वेगळा आहे, तो विस्कटत नाही. हेच निरूपण मी सरांच्या तोंडून आधीही ऐकलंय, तेव्हा ते वहीत उतरलं होतं. आज समोर एक बाई जीव मुठीत धरून ऐकत होती, आणि सरांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. प्रत्येक वाक्य तोलून बोलत होते, कारण ते वाक्य उद्या पहाटे तीन वाजता त्या दाराशी कुणाच्या तरी उपयोगी पडायचं होतं.

आणि तोच तेरावा अध्याय. गीतेत 'अहिंसा' हा नुसता एक शब्द आहे. माउली त्यावर ओव्यांमागून ओव्या लिहितात. अहिंसक माणूस चालतो कसा, बघतो कसा, बोलायच्या आधी काय करतो, हात कसा उचलतो! 'कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार । कुचुंबैल केसर । इया शंका' ही ओवी तिथलीच: केसर चुरगळेल या शंकेने भुंगे कमळावर हळूच पाय ठेवतात, तसं. ज्ञान कशाला म्हणावं या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पाऊल टाकण्याच्या रीतीत दिलंय. यापुढे व्यवहार आणि तत्त्व अशी भिंत कुठे घालायची, मला तरी सापडत नाही.

मात्र व्यवहाराच्या नावाखाली जे येतं ते सगळं मला नकोय. स्मार्त एकादशी धरायची की भागवत, सुतकात माळ ओढावी का, उपवासाला कोथिंबीर चालते का, हे प्रश्न पहिल्याच दिवशी येतील आणि अर्धा तास खाऊन टाकतील. यांची उत्तरं पंचांगात असतात, घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असतात. नियमांची ही उजळणी मला तत्त्वचर्चेहून जास्त कोरडी वाटते.

आणखी एक गोष्ट मनात घोळते आहे. 'विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म, भेदाभेद भ्रम अमंगळ' हे तुकोबांचे शब्द तीनशे वर्षं गायले गेले. तेवढा सगळा काळ पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर पायरीशी होती आणि त्यांच्या समाजाला आत मज्जाव होता. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे तो प्रश्न सुटला. गाणारे लबाड होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या निरूपणात हे दार का बंद आहे असं विचारायची रीत पडली नव्हती, एवढंच मला दिसतं. आणि तरी तो अभंग नसता, तर दार उघडायची मागणी वारकऱ्याच्या काळजाला भिडली असती का? मला वाटतं, नसती. म्हणून निरूपण काढून टाका असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी कधीच जाणार नाही. माझा आग्रह क्रमापुरता आहे.

गाडगेबाबांनी हा क्रम पाळला. कर्ज किती काढलं, दारू कोण पितं, नवसाला बकरं का कापलंस, पोर शाळेत जातं का, असं समोरच्याला विचारत विचारत त्यांचं कीर्तन पुढे सरकायचं. त्याआधी दिवसभर त्याच गावाची गटारं झाडून झालेली असायची, त्यामुळे त्यांच्या प्रश्नाला 'तुम्ही कोण विचारणारे' असं कुणी म्हणू शकत नव्हतं. आबांच्या प्रश्नात आज मला तेच बळ दिसलं.

पुढच्या गुरुवारी बुवांशी बोलायचं आहे. समाजआरतीचा दाखला त्यांच्यापुढे ठेवीन. तो त्यांना मोडता येणार नाही, कारण दिंडीत त्यांची जागा विण्याच्या मागेच असते. मला खरी काळजी वेगळीच वाटते. काकूंचा प्रश्न चारचौघांत विचारता येण्यासारखा होता. ज्याच्या घरात दारू आहे, ज्याच्या मुलाने ऑनलाइन जुगारात पैसे घालवलेत, जिला घरात मार बसतो, ती माणसं सतरंजीवर सगळ्यांदेखत बोलतील का? आणि बोलली, तर ते गल्लीत जाणार नाही याची हमी कोण देणार? मला वाटतं, आबांना आणि एखाद्या जाणत्या बाईला अर्धा तास आधी येऊन मागच्या ओसरीवर बसायला सांगावं. ज्याला जे बोलायचं ते तिथे बोलू दे. त्यातलं काय पुढे आणायचं आणि काय तिथेच ठेवायचं, ते त्याच माणसाने ठरवावं. आबा हो म्हणतील. त्या बाई म्हणून कुणाला विचारायचं, ते अजून ठरत नाही. उद्या सकाळी आधी काकूंकडे जाऊन येते, कडीसाठी दाराचं माप घ्यायचं आहे.