तुम्ही विचारलंत म्हणून: उडताना इंजिन बंद पडलं तर?

निवृत्त झालो तरी लग्नाच्या पंगतीत कोणीतरी विचारतंच, "काय हो कॅप्टन, वरती इंजिन बंद पडलं तर?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विमान धोंड्यासारखं खाली येत असतं.

तसं होत नाही. दोन इंजिनांचं प्रवासी विमान एकावर व्यवस्थित उडतं. धावपट्टीवर ठरलेला वेग ओलांडल्यावर एक गेलं, तर थांबायचं नाही, उरलेल्यावर उडायचं. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये हेच घोटून घ्यायचे.

माझ्यावर खरी वेळ एकदाच आली. बंगळूरहून दिल्लीला निघालो होतो, 36,000 फुटांवर. टिंग-टिंग-टिंग सुरू झालं आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली: एक नंबरच्या, म्हणजे डाव्या इंजिनाचं ऑइल प्रेशर पडलं होतं. इंजिन मात्र मजेत गुरगुरत होतं. पण तेलाशिवाय बेअरिंगं किती टिकणार? बंद करणं भाग होतं.

इथे पायलट झटकन बटण दाबत असेल, असं लोकांना वाटतं. मी डाव्या इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरवर हात ठेवला आणि म्हणालो, "एक." शेजारच्या को-पायलट मुलीने आधी माझा हात बघितला, मग स्क्रीन, आणि मगच म्हणाली, "एक, कन्फर्म." तेव्हा लिव्हर मागे घेतला. इंजिन बंद करायच्या स्विचच्या वेळी पुन्हा तेच.

हा संथपणा कशासाठी? 8 जानेवारी 1989 ला लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग 737 च्या डाव्या इंजिनाचं पातं तुटलं आणि वैमानिकांनी उजवं, धडधाकट इंजिन बंद केलं. विमानात शिरलेला धूर योगायोगाने कमी झाला, म्हणून त्यांना बरोबरच वाटलं. विमान इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ पडलं, 47 माणसं गेली. मला छळते ती वेगळीच गोष्ट. कॅप्टनने प्रवाशांसाठीच्या घोषणेत उजव्या इंजिनाचं नाव घेतलं, तेव्हा मागच्या काही प्रवाशांना डावीकडच्या ज्वाळा दिसल्या होत्या. पण कोणीच पुढे कळवलं नाही. कॅप्टनला कोण सांगणार!

म्हणून स्विच बंद झाल्यावर, नागपूरकडे वळून खाली उतरू लागलो, तेव्हा मी केबिनच्या ताईंना बोलावलं. म्हटलं, खिडकीतून बघा आणि कोणी काही बोललं तर जसंच्या तसं मला सांगा. त्या परत आल्या. "सर, चौदाव्या रांगेतले एक काका म्हणतात, पंख जास्त हलतोय."

पंख हलतातच, हलायलाच हवेत. पण निरोप पोचला, याचं बरं वाटलं.

नागपुरात टेकलो. दारात उभा होतो, तर काका थांबले. "पंख हलत होता. मी कळवलं होतं."

"हो," म्हटलं, "मिळाला निरोप."